एक छर्रा पडला आणि पाटी बदलली

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कुठे आहात? पीएमपीत उभे असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर रात्री भांडी घासताना ऐकत असाल. आजची गोष्ट आहे एका स्पिंडलची. स्पिंडल म्हणजे मिलिंग मशीनचा तो भाग, ज्याच्या टोकाला कटर किंवा ड्रिल बसतो आणि जो गरागरा फिरतो. माझ्या घरच्या मशीनचा स्पिंडल बदलायला मला अडीच महिने लागले. त्यातले दोन महिने मी चुकीच्या गोष्टी करत होतो, आणि ते मी आज तुम्हाला फुकटात सांगणार आहे.

आधी मशीनची ओळख करून देतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चार जणांनी मिळून प्रोजेक्ट म्हणून एक छोटं सीएनसी बनवलं होतं. ॲल्युमिनियमचे प्रोफाइल, १६ मिमीच्या गोल रेल्स, स्टेपर मोटर आणि आर्डुइनोवर जीआरबीएल. बाकीचे तिघं बंगळुरू, पुणे, टोरंटो असे पांगले आणि मशीन माझ्या कोथरूडच्या बाल्कनीत आलं. दिवसा मी बॅकएंडचा कोड लिहितो, शनिवार-रविवार हे मशीन चालवतो. नेमप्लेट, एखादा पीसीबी, बहिणीसाठी रांगोळीचे साचे, असलीच कामं. त्यावर स्पिंडल म्हणून बसलेली होती साधी ७७५ नंबरची डीसी मोटर. हॉबी मशीन घेतलेल्या प्रत्येकाला ही मोटर माहीत असते. स्वस्त असते, आवाज करते, पण काम भागतं.

काम भागतं असं मला वाटायचं.

ब्रेलच्या पाट्या

माझी एक मैत्रीण अंध मुलांच्या शाळेत शिकवते. शाळेचं नाव घेत नाही. तिथे इमारतीची डागडुजी झाली आणि जुन्या पाट्या निघाल्या. ती म्हणाली, "तुझं ते मशीन आहे ना? दारावरच्या पाट्या करून देशील? वर देवनागरी, खाली ब्रेल." एकूण २४ पाट्या. मी लगेच हो म्हटलं.

ब्रेलचे ठिपके ॲक्रिलिकवर उठवायची एक पद्धत आहे. ती मी शोधलेली नाही, साइनबोर्डवाले जगभर वापरतात. पाटीत बारीक भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात एक गोल छर्रा दाबून बसवायचा. छर्ऱ्याचा वरचा भाग बाहेर राहतो, तोच बोटाला लागणारा ठिपका. मी १.५८८ मिमीचे, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचे, स्टेनलेस स्टीलचे छर्रे घेतले. भोक १.५५ चं. छर्रा भोकापेक्षा जरासा मोठा, म्हणून तो घट्ट बसतो, डिंक लागत नाही. खोली एक मिमी, म्हणजे अर्ध्याहून जास्त छर्रा आत आणि साधारण ०.६ मिमी बाहेर. २४ पाट्यांचे मिळून साडेसहाशेच्या आसपास ठिपके.

पहिल्या सहा पाट्या केल्या. काही छर्रे घट्ट बसले, काही जरा सहज गेले. सहज गेलेल्यांना मी इन्स्टंट ग्लूचा थेंब लावला. त्या ग्लूने ॲक्रिलिकवर पांढरट धुकं आलं, ते घासून काढलं. पाट्या लावल्या, फोटो काढले, स्टेटस ठेवलं. तुम्ही पण ठेवलं असतंत.

तीन आठवड्यांनी मी बाकीच्या दारांची मापं घ्यायला गेलो. नववीतला एक मुलगा स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत आला, पाटीवरून बोट फिरवलं आणि परत फिरला. मी म्हटलं, "काय रे, काय झालं?" तो म्हणाला, "दादा, हे मुलींचं आहे. मुलांचं कुठे हलवलं?"

मी पाटीकडे बघितलं. वर देवनागरीत स्वच्छ लिहिलंय: मुलांसाठी. मग खाली ब्रेलकडे वाकून बघितलं. एक भोक रिकामं होतं. एक छर्रा पडला होता.

आता इथे ब्रेल थोडं समजून घ्या. एका अक्षराच्या चौकटीत सहा जागा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कुठले ठिपके आहेत त्यावरून अक्षर ठरतं. आपल्याकडच्या भाषांसाठी १९५१ साली ठरलेली भारती ब्रेल वापरतात. त्यात 'आ' म्हणजे ठिपके ३, ४ आणि ५. आणि 'ई' म्हणजे फक्त ३ आणि ५. म्हणजे 'आ' मधला चौथा ठिपका पडला की ती 'ई' होते. मुलांसाठी मधला 'ला' झाला 'ली'. मुलींसाठी!

आपल्या छापील अक्षरात एखादा कोपरा उडाला तरी आपण अंदाजाने वाचतो. ब्रेलमध्ये ठिपका गेला तर अर्धवट अक्षर राहत नाही, दुसरंच अक्षर तयार होतं. 'क' मधला तिसरा ठिपका गेला की 'अ'. 'न' मधला पाचवा गेला की 'म'. आणि वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही की इथे काहीतरी पडलंय. तो मुलगा बरोबर वाचत होता. पाटी खोटं बोलत होती, आणि ती पाटी मी केली होती.

मैत्रीण काही बोलली नाही. मी सहाही पाट्या उतरवून घरी आणल्या.

मोटर बदलली, काहीच बदललं नाही

घरी येऊन मी काय केलं? जे आपण सगळेच करतो. मनातल्या मनात ठरवलं की मोटर जुनी झालीय, नवीन टाकू. ऑनलाइन तीच ७७५ मोटर मागवली, सोबत ईआर ११ चा कोलेट-होल्डर. कोलेट म्हणजे ड्रिलचा दांडा पकडणारी चिरलेली बाही. ईआर ही कोलेटची पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात आणली आणि आज ती जगभर प्रमाण झालीय. ईआर ११ हा त्यातला लहान भाऊ, अर्ध्या मिमीपासून सात मिमीपर्यंतचे दांडे धरतो. सगळं मिळून अठराशे रुपये गेले.

नवीन मोटर लावली, पाटी केली, छर्रे बसवले. पुन्हा तेच! काही घट्ट, काही ढिले.

मग मी १.५० चा ड्रिल वापरून बघितला. म्हटलं भोकच लहान पाडू. आता ढिले छर्रे नीट बसले, पण जे आधी घट्ट बसत होते त्यांच्याभोवती ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक चिरा गेल्या. म्हणजे भोकं नुसती मोठी नव्हती, ती एकसारखी नव्हती.

ऑफिसात कुणी ज्युनिअरने लॉग न बघता असं काहीतरी बदलून 'आता चालतंय का बघू' म्हटलं असतं, तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं. आणि इथे मी स्वतः तेच करत होतो.

भोसरी, रविवार

ऑफिसातल्या एका मित्राचे काका भोसरीत जॉबवर्कचं छोटं शॉप चालवतात. दोन लेथ, एक जुनी मिलिंग, एक ड्रिल मशीन. अशी शॉप्स त्या भागात गल्लोगल्ली आहेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड-भोसरीत मोठे कारखाने आले आणि त्यांना पार्ट पुरवायला ही लहान शॉप्स उभी राहिली. आयटीवाल्यांसाठी एक टीप: तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे आपल्या रविवारी त्यांचं काम चालू असतं. मी मंडईहून मेट्रो पकडली, नाशिक फाट्याला उतरलो, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये मोटर.

काकांनी मोटर हातात घेतली, शाफ्ट बोटांनी फिरवला आणि विचारलं, "काय होतंय?"

मी म्हटलं, "काका, ढिलं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे किती?"

मी गप्प.

"डायल लावलाय का?"

"नाही."

"मग तुला माहीत काय आहे?"

हे रागावून नव्हतं. सरळ प्रश्न होता. त्यांनी मोटर व्ही-ब्लॉकवर क्लॅम्प केली, मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावला. डायल गेज म्हणजे घड्याळासारखी तबकडी, तिची सुई एक घर हलली की ०.०१ मिमी. मी कोलेटमध्ये ड्रिल लावायला गेलो तर त्यांनी हात धरला. ड्रिलला चरे असतात, डायलची टोचणी त्यात उड्या मारते. सरळ गोल पिन लागते. "तुटलेला कार्बाइड ड्रिल आहे का?" सॅकमध्ये चार होते! पीसीबी ड्रिलचा मागचा दांडा ३.१७५ मिमीचा, अगदी अचूक घासलेला असतो. ड्रिल तुटला तरी दांडा शाबूत राहतो. तोच उलटा लावायचा, झाली पिन तयार. तुटलेले ड्रिल फेकू नका, मंडळी.

मग हाताने हळूहळू शाफ्ट फिरवला. नटच्या लगेच खाली सुई सात घरं हलली. २० मिमी खाली, जिथे ड्रिलचं टोक येतं, तिथे बारा घरं. म्हणजे ०.१२ मिमी. याला म्हणतात रनआउट. शॉपमधल्या भाषेत, "आउट मारतोय."

आता गणित बघा. एका फेरीत सुई एकूण ०.१२ हलते, म्हणजे ड्रिलचा मध्य खऱ्या मध्यापासून ०.०६ बाजूला आहे. तो फिरतो तेव्हा भोकाच्या दोन्ही बाजूंना ०.०६ जास्त कापतो. १.५५ चं भोक १.६७ पर्यंत जाऊ शकतं. बारीक ड्रिल थोडा लवतो, म्हणून कधी भोक बरोबर पडतं, कधी मोठं. आणि माझा छर्रा किती? १.५८८. म्हणजे छर्रा कुठल्या भोकात टिकेल आणि कुठल्या भोकातून पडेल, हे नशिबावर सोडलं होतं. शाळेच्या दारावर!

काकांनी पुढची पायरी दाखवली. कोलेट-होल्डर काढला आणि डायल थेट मोटरच्या शाफ्टवर लावला. फक्त दोन घरं. म्हणजे शाफ्ट बरा होता. गुन्हेगार होता मधला होल्डर. तो शाफ्टवर सरकवून बाजूने दोन बारीक ग्रब स्क्रूने आवळतात. स्क्रू आवळला की होल्डर एका बाजूला ढकलला जातो आणि वाकडा बसतो. नटपाशी सात आणि खाली बारा, हा आकडा खाली वाढतोय याचा अर्थच तो तिरका बसलाय. नवीन मोटर घेतली तरी होल्डर त्याच पद्धतीचा, म्हणून आजार तोच. मग त्यांनी जुन्या मोटरचा शाफ्ट बोटाने बाजूला दाबला. सुई पाच घरं हलली. "ही बेअरिंग पण गेली. ही मोटर पंखा फिरवायची आहे रे, तू तिच्यावर बाजूने लोड टाकतोस."

अडीच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे आकडे होते.

मग घ्यायचं काय

माझ्यासमोर तीन पर्याय होते, तुमच्यासमोरही साधारण हेच असतील.

एक, ५२ मिमी बॉडीचा ३०० ते ५०० वॅटचा डीसी स्पिंडल. ताकद जास्त, पण बहुतेकांत कोलेट-होल्डर शाफ्टवर वेगळाच बसवलेला. म्हणजे माझा मूळ प्रॉब्लेम जास्त वॅटमध्ये.

दोन, ६५ मिमी बॉडीचा हातात धरायचा राउटर. लाकडाला उत्तम. पण कार्बन ब्रश असतात, किंचाळतो प्रचंड, आणि कमीत कमी वेगच दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. बाल्कनीत चालवला तर सोसायटीची मीटिंग माझ्यावरच झाली असती.

तीन, ६५ मिमीचा ८०० वॅटचा, हवेने थंड होणारा, तीन-फेजचा स्पिंडल आणि त्याला चालवायला व्हीएफडी. यात कोलेट जिथे बसतो तो निमुळता खड्डा थेट शाफ्टमध्येच घासून केलेला असतो. मधे होल्डर नाही, ग्रब स्क्रू नाही. बेअरिंग अँग्युलर कॉन्टॅक्टच्या, म्हणजे बाजूचा आणि खालून-वरचा दोन्ही लोड घेणाऱ्या.

मी तिसरा घेतला. स्पिंडल आणि व्हीएफडी मिळून सतरा हजारांच्या आसपास गेले. घेताना मी विक्रेत्याला वॅट विचारले नाहीत. एकच विचारलं: कोलेटमधल्या पिनवर रनआउट किती, आणि डायल लावलेला व्हिडिओ पाठवाल का? तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्याने व्हिडिओ पाठवला. त्याच्याकडून घेतला.

स्वतःचा डायलही घेतला. जुना बाजार, मंगळवार पेठ, रविवार सकाळ. वापरलेला डायल आणि मॅग्नेटिक स्टँड. घेताना टोचणी दहा वेळा दाबून सोडायची, सुई दर वेळी त्याच घरावर परत आली पाहिजे. नवीन हवा असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जा, तिथे व्हर्निअरपासून एलन कीपर्यंत सगळं मिळतं. वायर, कनेक्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास.

बसवताना

आता नीट ऐका, पैसे इथे जळतात.

पहिली गोष्ट, क्लॅम्प. ६५ मिमीचा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प ऑनलाइन आला. त्यात स्पिंडल उभा बसवला आणि गुण्या लावला तर चक्क झुकलेला. क्लॅम्पची पाठ त्याच्या भोकाला समांतरच नव्हती. पुन्हा भोसरी. काकांनी भोकात गोल मँड्रेल घालून क्लॅम्प मिलिंगवर धरला आणि पाठीवरून एक पातळ कट मारला. अडीचशे रुपये आणि एक ताकीद: "गच्च आवळू नकोस. बॉडी दाबली गेली की आतली बेअरिंग दाबते. स्पिंडल हाताने फिरवत फिरवत आवळ, जड झाला की थांब."

दुसरी गोष्ट, अर्थिंग. माझ्या स्पिंडलच्या कनेक्टरला चार पिना होत्या. तीन फेजच्या, चौथी अर्थची असं कुणीही समजेल. मी मल्टिमीटरने चौथी पिन आणि बॉडी तपासली तर बीप आलाच नाही. आत ती पिन कशालाच जोडलेली नव्हती! म्हणजे आत कधी वायर सोलली असती तर सगळी बॉडी लाइव्ह, आणि बॉडीवर माझा हात. मी बॉडीपासून वेगळी अर्थ वायर काढली. हे तपासल्याशिवाय प्लग लावू नका, प्लीज. आणि व्हीएफडी बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. दहा मिनिटं थांबून मगच झाकण उघडा. स्पिंडल आणि व्हीएफडीच्या मधे कुठलाही स्विच टाकू नका.

तिसरी गोष्ट, व्हीएफडीची सेटिंग. हा स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० फेऱ्या फिरतो. ४०० गुणिले ६०, साधा हिशेब. पण अनेक व्हीएफडी साध्या मोटरसाठी, म्हणजे ५० हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज द्यायला सेट होऊन येतात. तसाच चालवला तर कमी वेगाला स्पिंडलला झेपत नाही एवढा करंट जातो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० करा, मोटरचा करंट तिच्या प्लेटवर लिहिलाय तेवढा टाका. किमान फ्रिक्वेन्सी मी १३३ ठेवली, म्हणजे ८,००० फेऱ्या. कारण हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट हळू फिरला की पंखाही हळू, मग तापतो. कोडमध्ये चुकीचा कॉन्फिग टाकला तर रोलबॅक करता येतो. जळलेल्या वाइंडिंगला कंट्रोल-झेड नाही.

फिरायची दिशा उलटी आली तर घाबरू नका. पॉवर काढा, थांबा, तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरची अदलाबदल करा. नवीन स्पिंडल लगेच पळवूही नका. ८,००० वर दहा मिनिटं, मग १२, मग १८, मग २४ हजार. ग्रीस सगळीकडे पसरू द्या, मधेमधे बॉडीला हात लावून बघा.

चौथी गोष्ट, कोलेट. मी इतकी वर्षं कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वर नट फिरवत होतो. चूक! कोलेट आधी नटमध्ये जरा तिरका धरून दाबायचा, टक् आवाज येतो, मग नट स्पिंडलवर. नाहीतर कोलेट सरळ बसत नाही आणि काढताना आतच अडकतो. कोलेट आणि खड्डा दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. एक बारीक कीस अडकला तरी सगळी मेहनत पाण्यात.

पाचवी गोष्ट, स्पिंडल बेडला काटकोनात आहे का. कोलेटमध्ये एक वाकडी दांडी धरून तिच्या टोकाला डायल बांधला आणि हाताने बेडवर पूर्ण गोल फिरवला. चार बाजूंना चार आकडे. मागे-पुढे जेवढा फरक आला, तेवढी क्लॅम्पच्या मागे शिम घातली. शिम कसली? कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, साधारण ०.१ मिमी जाडीचा. दोन तास गेले, पण कुणीही करू शकेल असं काम आहे.

शेवटी पिन लावून रनआउट मोजला. २० मिमी खाली दोन घरं. बाराच्या जागी दोन!

तरी पहिला ड्रिल तुटला

हो, तुटलाच. जुनी मोटर बटण दाबल्यावर लगेच पळायची. व्हीएफडी स्पिंडलला सावकाश वेग देतो, पाच-सहा सेकंद लागतात. माझ्या प्रोग्रामला हे माहीत नव्हतं. स्पिंडल चालू करायची आज्ञा दिली आणि पुढच्याच क्षणी ड्रिल खाली. वेग यायच्या आत टोक ॲक्रिलिकमध्ये घुसलं. आपल्या भाषेत रेस कंडिशन. जी ४ ची आज्ञा टाकून आठ सेकंद थांबवलं, मिटलं. माझ्याकडे पिन म्हणून वापरायला अजून एक दांडा आला.

आणि नवीन स्पिंडल मिळाला म्हणून २४ हजारांवर ॲक्रिलिक ड्रिल करू नका. कापलं जायच्या ऐवजी वितळतं आणि ड्रिलला चिकटून बसतं. मी दहा हजारांवर ठेवलं आणि एका दमात खाली न जाता ०.३ मिमीच्या टोच्यांनी, मधेमधे वर काढत. भोकं स्वच्छ, एकसारखी.

पाट्या

सगळ्या २४ पाट्या पहिल्यापासून केल्या. ग्लू अजिबात नाही. प्रत्येक पाटी कडक दातघाशीने घासली, उलटी करून टेबलावर आपटली. एकही छर्रा हलला नाही. मग मी शाळेत गेलो, पण या वेळी भिंतीवर लावायच्या आधी. त्याच मुलाला म्हटलं, "तू आधी वाच. तू पास केलीस तरच लावणार."

तो बाकावर बसला, एकेक पाटी मांडीवर घेऊन वाचत गेला. दोन पाट्या बाजूला ठेवल्या. म्हणाला, "दादा, अक्षरं बरोबर आहेत, पण यात काही ठिपके खाली आहेत. बोट अडखळतं." मी व्हर्निअरने मोजलं. फरक ०.१ च्या आसपास होता. त्या दोन पाट्यांचं ॲक्रिलिक बेडवर सपाट बसलं नव्हतं, एका कोपऱ्याखाली कीस राहिला होता. डायल घेऊन मिरवणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. त्याच्या बोटाला कळलं. त्या दोन पुन्हा केल्या.

आता त्या पाट्या दारांवर आहेत. मी महिन्यातून एकदा जातो आणि सगळे ठिपके मोजतो. फोटो काढत नाही, मोजतो. अजून तरी पूर्ण आहेत.

तर मंडळी, तुमच्याकडे छोटं मशीन असेल आणि काम नीट येत नसेल, तर मोटर मागवायच्या आधी डायल मागवा. आकडा आधी लिहून ठेवा, मग पार्ट बदला, मग परत आकडा घ्या. आणि पुण्यात असाल तर एखाद्या रविवारी भोसरीत कुणाच्या शॉपमध्ये पार्ट हातात घेऊन उभे राहा. "ढिलं वाटतंय" असं मात्र म्हणू नका. मशीनच नसेल आणि हात शिवशिवत असतील, तर पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल वाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था, करत करत शिकायचं हेच तिचं सूत्र, आणि तिथे फॅब लॅबही आहे.

तुमचा पण असा एखादा चुकीचा पार्ट घेतल्याचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, अर्थिंग तपासा. भेटूच!